आज नाइट कुणाची?

भाजीवालीच्या टोपलीत तिवऱ्याची, म्हणजे आपल्या लाखोळीची, कोवळी भाजी दिसली की मी समजते, रायपूरला थंडी आली. इथली थंडी म्हणजे घाईतली पाहुणी. दिवाळीनंतर येते येते म्हणते आणि स्वेटरचा डांबरगोळीचा वास जायच्या आत निघूनही जाते. पण तेवढ्या दिवसांत काय काय करून जाते! शहराबाहेरच्या रस्त्यांवर धानाची पोती लादलेले ट्रॅक्टर रांग धरून उभे राहतात. चौकाचौकात हिरवा हरभरा भाजतात, त्याला इथे बूट म्हणतात. घरोघरी नव्या तांदळाचा भात शिजायला लागला की आमच्या चौबे कॉलनीत असा वास सुटतो की उपासवाल्यानं खिडकीच लावून घ्यावी.

आज सकाळी तीच भाजी निवडत बसले होते. बाबा अंगणात उन्हात खुर्ची टाकून बसलेले. आता त्यांना धूसर दिसतं, पण नाक अजून शाबूत आहे.

"तिवरा आला काय?"

"आला."

"म्हणजे छेरछेऱ्याचा सण जवळ आला." मग म्हणाले, "आज वार कोणता हो?"

मंगळवार होता. त्यांना गुरुवार हवा होता. आमच्या घरी गुरुवारला मान आहे, पण तो उपासामुळे नाही. काही वर्षांपूर्वीच्या एका थंडीमुळे आहे.

त्या थंडीत मी बीरगावच्या शाळेत नववीला विज्ञान शिकवत होते. आजही तिथंच आहे. माझं लग्न झालं नाही याचं कॉलनीतल्या बायांना जेवढं दुःख आहे तेवढं मला नाही, त्यामुळे नोकरी एके नोकरी करायला मी मोकळी. बीरगाव म्हणजे उरला नावाच्या औद्योगिक भागातल्या कारखान्यांना टेकलेली वस्ती. सकाळी बाक पुसले की फडकं काळं होतं. मुलांचे बाप कारखान्यात, पाळीपाळीनं कामाला. राज्य नवं झालं, रायपूर राजधानी झालं, तेलीबांध्याच्या पलीकडे मोठमोठे रस्ते झाले, पण बीरगावात दिवस अजून भोंग्यावरच उगवतो आणि भोंग्यावरच मावळतो.

मुलं गुणी होती, हीच अडचण होती. धडा संपला की मी विचारायची, "समझे?" आणि सगळा वर्ग एका सुरात म्हणायचा, "हव, मॅडम!" छत्तीसगढीतला हा 'हव' म्हणजे आपला 'हो'. इतका गोड होकार मी दुसऱ्या कुठल्या भाषेत ऐकलेला नाही, आणि इतका पोकळही. हात वर करणारी मुलं नेहमीची तीच. बाकीच्यांची डोकी बाकाला चिकटलेली.

अशात एका प्रशिक्षणाला आमची रवानगी झाली. तिथल्या तरुण पोरानं आम्हाला इंटरनेटवरचे खेळ दाखवले. पडद्यावर प्रश्न येतो, खाली चार रंगांचे चार पर्याय. मुलांनी फोनवर एक आकडा टाकून आत शिरायचं, नाव घालायचं आणि रंग दाबायचा. कोण पुढे, कोण मागे, ते लगेच पडद्यावर. दुसऱ्या एका खेळात मुलं नाव न सांगता 'समजलं' किंवा 'नाही समजलं' दाबू शकत. आम्ही मास्तर-मास्तरणी ते खेळताना असे ओरडलो की शेजारच्या खोलीतून कुणीतरी डोकावून गेलं. शेवटी तो पोरगा म्हणाला, "बस मॅडम, बच्चों के पास एक-एक फोन होना चाहिए."

बस म्हणे! नववीतल्या पोराजवळ फोन कुठला? फोन बापाजवळ आणि बाप कारखान्यात.

यावर तोड मुलांनीच काढली. ज्याच्या बापाची रात्रपाळी, तो बाप दिवसा घरी झोपलेला असतो. झोपलेल्या माणसाला फोन काय करायचा? बापाला विचारूनच आणायचा, एवढी अट मी घातली. शाळेत प्रोजेक्टर एकच आणि तो आमच्या वाट्याला गुरुवारी यायचा. गुरुवारी मी वर्गात पाय ठेवला की पहिला प्रश्न मुलंच एकमेकांना विचारायची, "आज किसकी नाइट है?" चार-पाच हात वर होत. मग एकेका फोनभोवती मुलांचा घोळका बसायचा, उसाच्या चरख्याभोवती बसतात तसा. पाळ्या बदलल्या की घोळके बदलत. आठवडाभर ज्याच्या बापाची नाइट, तो आठवडाभर वर्गाचा पाटील.

आणि नाव? खेळात नाव घालायची वेळ आली तेव्हा मुलांनी आपसात ठरवून टाकलं, फोन पापा का है, तो नाम भी पापा का. मला या न्यायाचं हसू आलं आणि कौतुकही वाटलं. त्यामुळे पडद्यावर नववीची पोरं दिसतच नसत. तिथं दिसत मनहरण, संतराम, बिसाहू, फिरतूराम. "बिसाहू गिर गया!" असा आरडाओरडा व्हायचा आणि बिसाहू बिचारा तिकडे घरी घोरत असायचा. मध्येच एखादा फोन वाजायचा आणि पोरगी गंभीरपणे सांगायची, "पापा सो रहे हैं. मैं उनके बदले क्लास में बैठी हूँ."

यातला मनहरण म्हणजे टिकेश्वरी. पहिल्या बाकावरची, दोन वेण्यांची, हातभर उंचीची पोरगी. तोंडानं विचारलं तर मान खाली घालायची. फोनवर मात्र मनहरण सगळ्यांना पुरून उरायचा.

पहिल्यांदा मी 'समजलं का' हे तोंडी विचारलं, तेव्हा "हव, मॅडम!" आलं. मग तेच फोनवर विचारलं. पडद्यावर 'नहीं समझे'चा पट्टा वाढत वाढत पार टोकाला गेला. मुलं पडद्याकडे पाहून दचकली, मग एकमेकांकडे पाहिलं, आणि मग वर्गात जे हसू फुटलं ते मला आजही ऐकू येतं. आपल्यासारखेच सगळे आहेत, याचा आनंद होता तो. मला खरं तर वाईट वाटायला हवं होतं, इतकी वर्षं शिकवून हे फळ! पण मीही हसत सुटले. साधनाचं काय, ते तव्यासारखं. भाकरी आपल्यालाच थापावी लागते. पण तवा तापलेला असला की थापायला हुरूप येतो, हेही खरं.

आता घराकडची गोष्ट सांगते. त्याच वर्षी आई गेली होती. बाबांचा सगळा जन्म रेल्वेच्या कंट्रोलरूममध्ये गेलेला. बसल्या जागेवरून ही गाडी सोड, ती थांबव. मूळचे वर्धेकडचे. रायपुरात एवढी वर्षं काढूनही बोली सुटली नाही आणि बोलणं तर मुळीच नाही. बोलायला लागले की समोरच्याला लाल सिग्नल. पण आई गेली आणि या माणसाजवळ तीनच शब्द उरले. 'हो', 'नको' आणि 'ठेव'. चहा दिला की 'ठेव'. मी शाळेतून येईस्तोवर चहा तसाच असायचा, वर साय धरलेली. मला त्या सायीची भीती वाटायला लागली होती.

नागपूरहून दादा फोन करायचा. "तू दिवसभर शाळेत. ते भिंतीकडे बघत बसतात. इकडे चार माणसं आहेत, नातवंडं आहेत. मी संक्रांतीला येतो आणि त्यांना घेऊन जातो." दादाचं चुकत नव्हतं. मी बाबांना विचारलं. ते म्हणाले, "ने म्हणा." ट्रंक नेण्याबद्दल विचारलं असतं तर याच आवाजात म्हणाले असते. त्यांनी नागपूरला जाण्याचं मला दुःख नव्हतं. असं जाण्याचं होतं.

एका बुधवारी संध्याकाळी मी प्रश्न तयार करत होते आणि ते मुलांच्या फोनवर कसे दिसतील हे पाहायला कुणीतरी हवं होतं. म्हटलं, "बाबा, जरा विद्यार्थी व्हा." 'नको' म्हणायला त्यांना वेळ न देता त्यांचा फोन हातात दिला. प्रश्न होता, धान सर्वांत लवकर कधी वाळतं? बाबांनी चष्मा लावला. पहिला पर्याय वाचला. दुसरा वाचला. तिसऱ्यावर होते तोवर वेळ संपली आणि फोननं कर्कश आवाज काढून त्यांना नापास केलं.

बाबांनी फोनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"हे काय हो? वाचू बी देऊन नाही राहिलं!"

"बाबा, पटकन दाबायचं असतं."

"काहून पटकन? चारी पर्याय वाचल्याबिगर दाबायचं काहून? असं न पाहता सिग्नल देल्ला असता मी तर? माणसं मेली असती, माणसं!"

कित्येक महिन्यांत त्यांच्या तोंडून इतकी वाक्यं एका वेळी निघाली नव्हती. बाबांना भयंकर राग आला होता, आणि मला इतका आनंद झाला की स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी आवरत उभी राहिले. मग येऊन प्रश्नांची वेळ वाढवली.

पडद्यावरचा आकडा उजेडात मागच्या बाकांना दिसत नसे, म्हणून मी तो घरोघरच्या फोनांच्या एका ग्रुपवर टाकायची. त्या संध्याकाळी करून पाहायला बाबांचा नंबरही त्यात घातला होता आणि काढायचा राहून गेला. दुसऱ्या दिवशी वर्गात खेळ सुरू केला. पडद्यावर एकेक नाव उमटायला लागलं. मनहरण. संतराम. फिरतूराम. आणि मग शांतपणे चौथं नाव आलं, वसंतराव.

माझा हात तसाच राहिला.

वर्ग कुजबुजला. एकेका घोळक्यानं एकमेकांकडे पाहिलं. शेवटी मागून प्रश्न आला, "मॅडम, ये वसंतराव किसके पापा हैं?"

"मेरे," मी म्हटलं.

वर्ग आधी थक्क झाला आणि मग टाळ्या पडल्या. मॅडमचेही पापा आहेत आणि त्यांचीही नाइट आहे, असा एकंदर समज झाला.

त्या दिवसापासून वसंतराव दर गुरुवारी येऊ लागले. सगळ्यांचे रंग दाबून झाले की पडद्यावर एकच उत्तर यायचं बाकी असायचं. मुलं तालात ओरडायची, "वसंतराव लेट! वसंतराव लेट!" मग अगदी शेवटच्या क्षणी ते उत्तर यायचं आणि बहुतेक वेळा बरोबर असायचं. "लेट है पर राइट है," असा निकाल वर्गानं देऊन टाकला. घाईनं दाबून तोंडघशी पडणारी पोरं हळूहळू थांबायला लागली. मी घसा फोडून जे सांगत होते, 'पूर्ण वाचा, मग लिहा,' ते चौबे कॉलनीत खुर्चीवर बसलेल्या एका म्हाताऱ्यानं चकार शब्द न बोलता शिकवलं. सर्वांत आधी ते उचललं मनहरणनं, म्हणजे टिकेश्वरीनं. मग काय, वसंतराव आणि मनहरण यांची अशी जुंपली की बाकीचे नुसते बघे.

घरी आल्यावर बाबा विचारायचे, "हा मनहरण कसा आहे हो? मागच्या बाकावरचा पोट्टा असंल. मिशा फुटल्या असतील त्याले."

मी सांगितलं असतं तर त्यांच्या खेळातली गंमत गेली असती. "आहे एक हुशार," एवढंच म्हणायची. आणि चहाचा कप रिकामा असायचा.

संक्रांत जवळ आली तेव्हा मी मुलांना एक वेगळा खेळ दिला. एक प्रश्न विचारायचा आणि प्रत्येकानं मनातला शब्द लिहायचा. सगळे शब्द पडद्यावर एकत्र जमतात. जो शब्द पुन्हा पुन्हा येतो तो मोठा मोठा होत जातो, एकट्यादुकट्याचा बारीक राहतो. मी विचारलं, जाड़ा, म्हणजे थंडी म्हटलं की काय आठवतं? धडाधड शब्द आले. तिवरा, बूट, अंगार, छेरछेरा. 'पापा की नाइट' चांगलं मोठं झालं. आणि एका कोपऱ्यात, मुंगीएवढ्या अक्षरांत, एक शब्द उमटला. प्रमिला.

मुलांच्या नजरेतून काही सुटत नाही. "मॅडम, ये प्रमिला क्या होता है?"

मी फळ्याकडे तोंड केलं. म्हटलं, "मेरी माँ. वो अब नहीं हैं. वसंतराव ने लिखा है."

मी पुढचा प्रश्न लावायला वळले तर पडद्यावर तो शब्द थोडा मोठा झालेला. पाहिलं तर टिकेश्वरी मान खाली घालून फोनवर काही लिहीत होती. मग शेजारचा घोळका लिहायला लागला, मग मागचा. कुणी कुणाला सांगितलं नाही. प्रमिला वाढत गेली. तिवरा कडेला गेला, बूट कडेला गेला, 'पापा की नाइट' बारीक झालं, आणि अख्ख्या पडद्यावर माझ्या आईचं नाव पसरलं. मी मुलांसमोर रडले. त्याची लाज मला तेव्हा वाटली नाही आणि आताही वाटत नाही.

तो पडदा बाबांच्या फोनवरही दिसत होता. मी घरी आले तर ते फाटकापाशी उभे.

"तुझ्या आईचं नाव," ते म्हणाले, "इतक्या मोठ्या अक्षरात कधी कोणी लिहिलंच नव्हतं. लग्नाच्या पत्रिकेत बी बारकंच होतं."

आणि मग ते बोलत राहिले. आई वर्धेहून पहिल्यांदा रायपूरला आली तेव्हा तिला हिंदी येत नव्हती, भाजीवालीशी ती खुणांनी भांडायची, आणि छत्तीसगढातला एकच सण तिला मनापासून आवडला, तो म्हणजे छेरछेरा. नवं धान घरात आलं की पौष पुनवेला मुलं झोळ्या घेऊन दारोदार फिरतात, "छेरछेरा!" अशी हाक देतात, आणि त्या दिवशी कुणाला रिकाम्या हातानं परत पाठवायचं नसतं. गरीब-श्रीमंत सगळ्यांचीच मुलं मागतात, त्यामुळे मागण्यात लाज नाही. आई त्या दिवशी सकाळपासून दार सताड उघडं ठेवायची. "पुनवेच्या दिवशी दार लोटलेलं दिसू नये," असं म्हणायची.

दादा आला. तिळाच्या वड्या घेऊन आला आणि दोन तिकिटं काढून आला. मी मुलांना सांगितलं, वसंतराव नागपूरला चालले. वर्गात पहिला प्रश्न आला, "नागपुर में छेरछेरा होता है?" मी नाही म्हटल्यावर पोरांचे चेहरे असे झाले की जणू मी त्यांना वाळवंटात धाडत होते. बाबांना मी 'राहा' म्हटलं नाही. म्हटलं असतं तर ते माझ्यासाठी राहिले असते आणि मला ते तसे नको होते.

निघायचा दिवस नेमका पुनवेचा. दुपारची गाडी. सकाळी दाराशी बॅग भरून ठेवलेली. दादानं जायच्या गडबडीत दार लोटून घेतलेलं. आणि फाटकाबाहेर एक मालवाहू ऑटो थांबला, त्यातून सगळी नववी उतरली, आणि अशी हाक आली की कॉलनीतली कुत्री उठली. "छेरछेरा!"

बाबा उठले. दार त्यांनी स्वतः उघडलं. समोर पोरांचा घोळका, झोळ्या पसरलेला. बाबांनी सगळ्यांवरून नजर फिरवली आणि कंट्रोलरूमच्या आवाजात विचारलं, "मनहरण कौन है?"

दोन हात वर झाले. एक पहिल्या रांगेतला, दोन वेण्यांच्या पोरीचा. दुसरा अगदी मागचा. तो खऱ्या मनहरणचा, तिच्या बापाचा. रात्रपाळी करून, शेजाऱ्याचा ऑटो मागून, डोळे चोळत तो पोरांना घेऊन आला होता.

बाबांनी एका हाताकडे पाहिलं, मग दुसऱ्या हाताकडे. मग ते हसायला लागले. ते जुनं, पोट हलवून हसणं. दादा आतून धावत आला, काय झालं म्हणून.

"ही?" बाबा म्हणाले. "ही एवढीशी पोट्टी? हिनं हरवलं मले?"

मागून मनहरण हात जोडत पुढे आला. "बाबूजी, कारखाने में सब पूछते हैं, आज कितना नंबर आया? मैं क्या बताऊँ! मैं तो सोया रहता हूँ."

बाबा आत गेले. आईचं पितळी माप कुठं असतं ते मलाही आठवत नव्हतं. त्यांना माहीत होतं. तांदळाचा डबा अंगणात आणला आणि एकेकाच्या झोळीत माप ओतत गेले, नाव विचारून. बापाचं नाव सांगितलं की म्हणायचे, "ते ठाऊक आहे. तुझं सांग." टिकेश्वरीनं आपलं नाव सांगितलं, चांगलं ठसठशीत. तिचा आवाज इतका मोठा आहे हे मला तेव्हा कळलं. वर दादाच्या तिळाच्या वड्याही वाटल्या गेल्या.

दादा घड्याळ पाहत होता. "बाबा, निघायला हवं. आणि तो तुमचा खेळ काय, फोन तिकडेही चालतोच."

"फोन चालते," बाबा म्हणाले. "पण पुढच्या पुनवेले हे पोट्टे आले अन् हे दार बंद दिसलं तर?" मग मनहरणकडे वळले. "गुरुवार को नाइट है ना तुम्हारी?"

"हव, बाबूजी. पूरा हप्ता नाइट है."

बाबांनी पितळी माप डब्यात ठेवलं, झाकण लावलं. "माझं तिकीट परत कर बाबू," ते दादाला म्हणाले. "मले गुरुवारी काम आहे."

आता शाळेत टॅब आले आहेत. मुलं आपापल्या नावानं खेळतात, बापांना निवांत झोपू देतात. चांगलंच आहे. तरी गुरुवारी वर्गात शिरताना माझ्या ओठांवर तो प्रश्न येतो आणि मी तो गिळते. घरून एक जण अजूनही खेळतो. शेजारची मुलगी त्यांना प्रश्न वाचून दाखवते, आणि चारही पर्याय ऐकल्याशिवाय ते दाबू देत नाहीत.

एवढं लिहून झालं आणि फाटक वाजलं. बाबांनी मान वर केली. समोर कोण आहे ते त्यांना दिसत नव्हतं.

"कोण हो?"

उंच झालेली, नर्सिंग कॉलेजच्या गणवेशातली मुलगी फाटकात उभी होती. हातात तिवऱ्याच्या भाजीची पिशवी. दर थंडीत आणते.

"मनहरण," ती म्हणाली.

"मंग फाटकात काहून उभा आहे?" बाबा म्हणाले. "दार उघडंच आहे."